तिशीतला रिसीव्हर आणि दोन वर्षांचा करार

मार्च उजाडला की अमेरिकन फुटबॉलमध्ये तोच वाद पुन्हा पेटतो. एनएफएल या तिथल्या व्यावसायिक लीगमधल्या एखाद्या संघाचा जुनाजाणता वाइड रिसीव्हर, म्हणजे लांब धावून पास झेलणारा खेळाडू, तिशीला टेकलेला किंवा तिशी ओलांडलेला असतो, त्याचा करार संपतो आणि संघ त्यालाच पुन्हा करारबद्ध करतो. लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, ज्यानं दहा वर्षं संघासाठी हाडं झिजवली त्याला वाऱ्यावर कसं सोडायचं? दुसरा म्हणतो, सत्कार जरूर करा, पण पैसा पुढच्या कामगिरीचा द्या, झालेल्या कामगिरीचा नको. तिशीनंतर रिसीव्हर उतरणीलाच लागतो. दोन्हीकडची माणसं खेळाडूबद्दल बोलत राहतात आणि कराराच्या कागदावर काय लिहिलंय तिकडे फारसं कुणी बघत नाही. माझं मत सुरुवातीलाच सांगतो. आपल्याच संघात मुरलेल्या रिसीव्हरला छोट्या मुदतीवर ठेवून घेणं हा फ्री एजन्सीतल्या, म्हणजे करार संपलेल्या खेळाडूंच्या बाजारातल्या, सर्वांत शहाणपणाच्या व्यवहारांपैकी एक आहे. भांडायचंच असेल तर मुदत किती, गॅरंटी किती आणि बोनसचं ओझं कुठल्या वर्षांवर टाकलं, यावर भांडावं. वयावरून चाललेलं भांडण बहुतेक वेळा वाया जातं.

आधी व्यवहार समजून घेऊ. एनएफएलमध्ये आजच्या स्वरूपातली फ्री एजन्सी 1993 मध्ये आली आणि 1994 पासून प्रत्येक संघाच्या पगारखर्चावर सॅलरी कॅप बसली. पहिल्या वर्षी ही मर्यादा 3 कोटी 46 लाख डॉलर होती. 2024 मध्ये ती 25 कोटी 54 लाख झाली आणि 2025 मध्ये 27 कोटी 92 लाख. 2024 च्या मार्चमध्ये टॅम्पा बे बकनिअर्सनं तीस वर्षांच्या रिसीव्हर माइक इव्हान्सशी दोन वर्षांचा 5 कोटी 20 लाखांचा करार केला. त्यातले 3 कोटी 50 लाख गॅरंटीचे होते. वर्षाला सरासरी 2 कोटी 60 लाख धरले, तर 2024 च्या कॅपच्या मानानं हा भार दहा टक्क्यांहून जरासा जास्त पडतो. 2025 मध्ये तोच आकडा नऊ टक्क्यांच्या थोडा वर राहतो. कॅप अशी वाढत असताना ‘एवढे पैसे?’ हा प्रश्न नुसत्या डॉलरांत विचारून काहीच कळत नाही.

खरी मेख सायनिंग बोनसमध्ये आहे. बोनस खेळाडूच्या हातात लगेच पडतो, पण कॅपच्या हिशेबात तो कराराच्या वर्षांवर समान वाटता येतो, जास्तीत जास्त पाच वर्षांवर. करार दोनच वर्षांचा असेल तर संघ त्याच्या शेपटीला तीन पोकळ वर्षं जोडतात. त्यांना व्हॉइड इयर्स म्हणतात. त्या वर्षांत खेळाडू खेळणार नसतो, ती फक्त बोनस पसरायला असतात. समजा बोनस 2 कोटींचा आहे. पाच वर्षांवर पसरला की दरवर्षी 40 लाख पडतात. दुसऱ्या वर्षानंतर करार आपोआप रद्द होतो आणि उरलेले 1 कोटी 20 लाख तिसऱ्या वर्षाच्या कॅपवर एकरकमी कोसळतात. खेळाडू कदाचित दुसऱ्याच गावात झेल घेत असतो, बिल मात्र तुमच्या दारात. यालाच डेड मनी म्हणतात. आयपीएल बघणाऱ्या मराठी वाचकाला खेळाडू राखून ठेवण्याचा हिशेब परका नाही. 2025 च्या लिलावाआधी मुंबई इंडियन्सनं रोहित शर्माला 16.30 कोटी रुपयांना राखलं, ते 120 कोटींच्या पर्समधून तिथल्या तिथे वजा झाले. एनएफएलमध्ये ही वजाबाकी पुढे ढकलता येते, म्हणून तिथला जुन्या खेळाडूचा करार वरवर स्वस्त दिसतो. त्यावर टीका करायची तर या ठिकाणी करावी.

आता विरोधकांचे मुद्दे. ते पोकळ नाहीत. पहिला शरीराचा. इव्हान्सचंच बघा. 2024 मध्ये मांडीचा स्नायू दुखावल्यानं तीन सामने बुडूनही त्यानं 74 झेल, 1,004 यार्ड (झेलून चेंडू पुढे नेलेलं अंतर) आणि 11 टचडाउन (चेंडू शेवटच्या रेषेपार नेऊन मिळवलेले गुण) केले. 5 जानेवारी 2025 ला, न्यू ऑर्लिन्सविरुद्धच्या शेवटच्या सामन्यात त्याला हजाराचा आकडा गाठायला 85 यार्ड हवे होते. क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकणाऱ्या बेकर मेफिल्डनं शेवटच्या चेंडूवर त्याला नऊ यार्डांचा पास दिला आणि त्याचे त्या दिवशीचे 89 यार्ड झाले. सलग अकरा हंगामांत हजार यार्ड, म्हणजे जेरी राइसच्या 1986 ते 1996 च्या विक्रमाशी बरोबरी. पण कराराच्या दुसऱ्या वर्षी आधी पुन्हा स्नायू दुखावला, मग ऑक्टोबरमध्ये डेट्रॉइटला कॉलरबोन मोडलं आणि ती मालिका तुटली. दोन वर्षांतलं एक सोन्यासारखं गेलं, दुसरं बहुतांशी दवाखान्यात. हे नाकारून कुणाचंच भलं होणार नाही.

दुसरा मुद्दा ड्राफ्टचा, म्हणजे नव्या खेळाडूंच्या फेरीवार निवडीचा. करार संपलेला खेळाडू दुसरीकडे गेला आणि त्या मोसमात तुम्ही घेतलेल्यांपेक्षा गमावलेले जास्त ठरले, तर लीग पुढच्या वर्षी तिसऱ्या ते सातव्या फेरीतली जादा निवड देते. जुन्याला जाऊ द्या, बदल्यात पोरगा घ्या, हा युक्तिवाद कागदावर छान दिसतो. तिसरा मुद्दा त्या पोराचाच. जुना मैदानावर असेपर्यंत नव्याकडे चेंडू जात नाही आणि चेंडू गेल्याशिवाय नवा घडत नाही.

या तिन्ही मुद्द्यांना उत्तर देण्याआधी एकाच संघाचे दोन व्यवहार शेजारी ठेवून बघू. 2011 मध्ये इंडियानापोलिस कोल्ट्सनं सोळापैकी दोनच सामने जिंकले. 2012 च्या मार्चमध्ये क्वार्टरबॅक पेटन मॅनिंगला मोकळं केलं, बरोबर बरेच जुने गडीही गेले. रिसीव्हर रेजी वेन तेव्हा 33 वर्षांचा होता. त्याला मात्र तीन वर्षांसाठी 1 कोटी 75 लाखांवर ठेवून घेतलं. पंचविशीतला दुसरा रिसीव्हर पिएर गार्सन त्याच महिन्यात पाच वर्षांच्या 4 कोटी 25 लाखांच्या करारावर वॉशिंग्टनला गेला. वयाचं गणित मांडणाऱ्याच्या दृष्टीनं कोल्ट्सनं चुकीचा माणूस ठेवला होता. मग नवा क्वार्टरबॅक अँड्र्यू लक आला, कॉलेजातून थेट. त्या हंगामात वेननं 106 झेल आणि 1,355 यार्ड केले. प्रशिक्षक चक पगानो ल्युकेमियावर उपचार घेत होते, तेव्हा ग्रीन बेविरुद्ध कोल्ट्स मध्यंतराला 21-3 असे मागे होते. वेननं त्या सामन्यात 13 झेलांत 212 यार्ड काढले आणि 35 सेकंद उरले असताना विजयी टचडाउन केला. संघ 11-5 वर, म्हणजे अकरा विजय आणि पाच पराभवांवर पोचला. गार्सन पायाच्या दुखापतीनं त्या वर्षी दहाच सामने खेळला. न्यायानं हेही सांगायला हवं की 2013 मध्ये त्यानं 113 झेल घेऊन लीगमध्ये पहिला नंबर काढला, आणि त्याच वर्षी सातव्या सामन्यात वेनच्या गुडघ्याचा लिगामेंट तुटला.

आता तीन वर्षं पुढे या. 2015 च्या मार्चमध्ये कोल्ट्सनं वेनला सोडलं आणि ह्यूस्टनहून आंद्रे जॉन्सन आणला. त्याचंही वय 33. करारही तीनच वर्षांचा, 2 कोटी 10 लाखांचा. ह्यूस्टनला बारा वर्षांत हजाराहून अधिक झेल घेतलेला हा माणूस नावानं वेनपेक्षा तसूभरही कमी नव्हता. इथे त्यानं 41 झेल आणि 503 यार्ड केले आणि वर्षभरात त्याला काढावं लागलं. लक त्या हंगामात सातच सामने खेळला, हे खरं. पण त्याच हंगामात, त्याच क्वार्टरबॅकांच्या हातून टी. वाय. हिल्टननं 1,124 यार्ड काढले. तेच वय, तोच संघ आणि जवळपास तेवढेच पैसे असताना फळं इतकी वेगळी का?

मला दिसणारं मोठं कारण माहितीचं आहे. सेकंडहँड गाडी घेताना शहाणा माणूस पहिला प्रश्न विचारतो: का विकताय? ज्या संघानं बारा वर्षं तो खेळाडू रोज सरावात पाहिला, ज्याच्या डॉक्टरांकडे त्याच्या प्रत्येक स्कॅनची फाइल आहे, तो संघ त्याला हातचा जाऊ देतो याचा काहीतरी अर्थ असतो. सामन्यातला वेग आणि बचावपटूपासूनचं अंतर आज शोल्डर पॅडमधल्या चिपमुळे सगळ्या संघांना कळतं. पण बुधवारच्या सरावात तो किती वेळा बाजूला बसला, गुरुवारी गुडघा किती सुजला, शेवटच्या दहा धावांत त्याचा वेग किती घसरला, हे घरच्यालाच ठाऊक असतं. आपला खेळाडू पुन्हा घेणारा संघ पूर्ण माहितीवर किंमत ठरवतो. दुसऱ्याचा घेणारा टेप आणि एका दिवसाच्या वैद्यकीय तपासणीवर.

दुसरं कारण मैदानावरचं आहे आणि ते जवळून बघण्यासारखं आहे. दहा यार्ड जायला चार प्रयत्न मिळतात, त्यांना डाउन म्हणतात. समजा तिसरा डाउन आहे, अजून सात यार्ड जायचेत. आत, स्लॉटमध्ये उभ्या रिसीव्हरला ऑप्शन रूट दिलाय, म्हणजे कुठे वळायचं ते त्यानं धावता धावता ठरवायचं. आठ यार्डांवर पोचेपर्यंत त्यानं तीन गोष्टी वाचायच्या असतात. समोरचा बचावपटू आतल्या खांद्यावर आहे की बाहेरच्या? तो माणसाला धरून आहे की जागा राखतोय? सर्वांत मागचा बचावपटू, म्हणजे सेफ्टी, वर सरकला का? माणसाला धरून आणि आत उभा असेल तर बाहेर वळायचं. बाहेर उभा असेल तर आत. जागा राखत असेल तर दोन लाइनबॅकरांच्या, म्हणजे मधल्या फळीतल्या बचावपटूंच्या, मधल्या खिडकीत थांबायचं आणि क्वार्टरबॅककडे तोंड करायचं. क्वार्टरबॅक हेच तिन्ही प्रश्न तिकडून वाचत असतो आणि रिसीव्हर वळायच्या आधी चेंडू सोडतो. दोघांचं वाचन जुळलं की नऊ यार्ड आणि नवे चार डाउन. नाही जुळलं तर रिसीव्हर आत, चेंडू बाहेर आणि तिथे उभ्या कॉर्नरबॅकला, म्हणजे रिसीव्हरवर नेमलेल्या बचावपटूला, आयता इंटरसेप्शन. टीव्हीवर ही चूक नेहमी क्वार्टरबॅकची वाटते. हे वाचन प्लेबुक पाठ करून येत नाही, शेकडो सरावांतून मुरतं. नव्या संघात आलेला तिशीपुढचा रिसीव्हर हे सगळं नव्यानं शिकत असतो आणि शिकायला लागणारं एक वर्ष हेच त्याच्याकडचं शेवटचं चांगलं वर्ष असू शकतं.

म्हणून ‘तिशीनंतर उतरतो’ हे वाक्य अर्धवट आहे. उतरतं काय? सरळ रेषेतला वेग उतरतो, तुटलेला स्नायू भरायला वेळ लागतो, सलग सतरा सामने खेळण्याची खात्री कमी होते. रेषेवर तोंडाशी उभ्या कॉर्नरचे हात झटकून सुटण्याची युक्ती, वळणावर तीन पावलांत वेग मारण्याचं तंत्र, झेलताना शरीर मध्ये घालणं, रन प्लेमध्ये लाइनबॅकरला अडवणं, यातलं बरंचसं टिकतं. काही तर सुधारतं. ॲरिझोनाच्या लॅरी फिट्झजेराल्डला 2013 पासून प्रशिक्षक ब्रूस एरियन्सनी बाहेरून आत, स्लॉटकडे आणलं. 2015 ते 2017 या तीन हंगामांत, वयाच्या 32 ते 34 मध्ये, त्यानं 109, 107 आणि 109 झेल घेतले. वेनलाही 2012 मध्ये एकाच डाव्या बाजूला न ठेवता रचनेत सगळीकडे फिरवणारे हेच एरियन्स. जागा बदलली की वय बदलत नाही, पण वयाची किंमत बदलते.

फिट्झजेराल्डची पुढची गोष्ट विरोधकांच्या बाजूची वाटेल, ती मुद्दाम सांगतो. ॲरिझोनानं 2018, 2019 आणि 2020 मध्ये त्याला दरवर्षी एकेक वर्षाचा, 1 कोटी 10 लाखांचा करार दिला. यार्ड अनुक्रमे 734, 804 आणि 409. शेवटचं वर्ष महागात पडलं यात वाद नाही. पण करारच वर्षाचा असल्यानं चूकही वर्षापुरतीच राहिली. याच्या उलट लॉस अँजेलिस रॅम्सचा रिसीव्हर कूपर कप. 2021 मध्ये 145 झेल आणि 1,947 यार्ड अशा स्वप्नवत हंगामानंतर, 2022 च्या जूनमध्ये रॅम्सनी त्याचा करार वाढवला: नवी तीन वर्षं, 8 कोटी डॉलर. वय 28. पुढच्या तीन हंगामांत तो नऊ, बारा आणि बारा सामने खेळला आणि 2025 च्या मार्चमध्ये त्याला सोडावं लागलं. वयाचा नियम लावणाऱ्यानं या कराराला डोळे मिटून होकार दिला असता. धोका शिखरावर असताना लिहिलेल्या लांब मुदतीत होता.

जुन्याला सोडून वाचवलेल्या पैशाचं पुढे काय होतं, हा प्रश्न तर फार कमी वेळा विचारला जातो. ग्रीन बेनं 2018 मध्ये रिसीव्हर जॉर्डी नेल्सनला काढलं. 2016 मध्ये त्यानं लीगमधले सर्वाधिक 14 टचडाउन केले होते. 2017 मध्ये 482 यार्डच झाले, पण त्या वर्षी क्वार्टरबॅक ॲरन रॉजर्स कॉलरबोन मोडून बराच काळ बाहेर होता. आकडे कुणामुळे पडले हे बघण्याआधीच फाइल बंद झाली. त्याच वेळी संघानं 31 वर्षांचा टाइट एंड (झेलही घेणारा आणि अडवणाराही खेळाडू) जिमी ग्रॅहम तीन वर्षांसाठी 3 कोटींना आणला. 2018 मध्ये ग्रॅहमचे 636 यार्ड आणि दोन टचडाउन, ओकलंडला गेलेल्या नेल्सनचे 739 यार्ड आणि तीन. नेल्सनही त्या हंगामानंतर निवृत्त झाला, म्हणजे त्याचा काळ सरत आला होता हे मान्य. पण आपला म्हातारा काढून दुसऱ्याचा म्हातारा जास्त पैशांत आणणं याला तरुण होणं म्हणता येईल का?

बाल्टिमोरचं उदाहरण मला जास्त बोचतं. 2013 च्या फेब्रुवारीत सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यात, त्यांचा रिसीव्हर अंक्वान बोल्डिननं 104 यार्ड आणि एक टचडाउन केला. महिनाभरात संघानं त्याला 60 लाखांच्या पगारातून 20 लाख कमी करायला सांगितलं. त्यानं नकार दिला, तर त्याला सहाव्या फेरीतल्या एका निवडीच्या बदल्यात ज्या सॅन फ्रान्सिस्कोला हरवलं त्यांच्याकडेच पाठवलं. तिथे त्यानं 2013 मध्ये 1,179 यार्ड केले आणि विजेता बाल्टिमोर 8-8 वर थांबून प्लेऑफबाहेर राहिला. बोल्डिन नव्या संघात लगेच चालला, तेव्हा माझा माहितीचा मुद्दा सगळीकडे लागू पडत नाही हे कबूल. तो वेगावर कधीच जगला नव्हता. अंगावर बचावपटू असताना चेंडू ओढून घेणारा खेळाडू कुठल्याही प्लेबुकात बसतो. 2014 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोनं 33 वर्षांच्या बोल्डिनला दोन वर्षांसाठी 1 कोटी 20 लाखांत पुन्हा ठेवून घेतलं: 1,062 यार्ड, मग 789. याच सॅन फ्रान्सिस्कोनं 2001 मध्ये जेरी राइसला जाऊ दिलं होतं आणि 2002 मध्ये चाळिशीत त्यानं ओकलंडसाठी 1,211 यार्ड केले. राइसवरून नियम करू नये. त्याच्यासारखा दुसरा झालेला नाही.

खेळाडू गेल्यावर मिळणाऱ्या त्या जादा, नुकसानभरपाईच्या निवडीचं उत्तर सरळ आहे. दहा किंवा अधिक हंगाम खेळलेला, क्वार्टरबॅक नसलेला खेळाडू गेला, तर मिळणारी निवड पाचव्या फेरीच्या वर जात नाही. इव्हान्सचे 2023 पर्यंत बरोबर दहा हंगाम झाले होते. त्या वर्षी त्याचे 13 टचडाउन, म्हणजे लीगमध्ये संयुक्त पहिला नंबर. पाचव्या फेरीत असा रिसीव्हर सापडण्याची आशा कुठला संघ धरेल? पोरांची वाट अडते हा मुद्दाही 2012 च्या कोल्ट्समध्ये टिकत नाही. वेन मैदानावर असतानाच तिसऱ्या फेरीतून आलेल्या हिल्टननं पहिल्या वर्षी 861 यार्ड काढले. बचाव वेनकडे झुकला की हिल्टनसमोर एकटा कॉर्नर उरे. नवशिक्याला याहून चांगली शाळा कुठली?

मग नाही कधी म्हणायचं? दुखापतीचा प्रकार बघावा. मोडलेलं कॉलरबोन वयाबद्दल फारसं सांगत नाही. तोच हॅमस्ट्रिंग, म्हणजे मांडीमागचा स्नायू, दोन हंगाम लागोपाठ दुखावला तर तो बरंच सांगतो आणि इव्हान्सच्या बाबतीत कॉलरबोनपेक्षा काळजीची गोष्ट तीच. झेल कमी झाले असतील तर चेंडू कमी आले की सुटणं कमी झालं, हे टेपवरून वेगळं काढावं. आत सरकायला, पहिल्याऐवजी तिसरा पर्याय व्हायला तो राजी आहे का, हे सहीआधी तोंडावर विचारावं. 2014 मध्ये 779 यार्डांवर आलेल्या, छत्तिशीतल्या वेनला कोल्ट्सनं सोडलं ते बरोबरच होतं. त्यानं नंतर न्यू इंग्लंडमध्ये प्रयत्न केला, पण हंगाम सुरू होण्याआधीच तो संपला. चूक वेनला सोडण्यात नव्हती, जॉन्सनला आणण्यात होती.

याच फूटपट्टीनं टॅम्पाचा पुढचा करार मोजतो. त्यांचा दुसरा रिसीव्हर ख्रिस गॉडविनचा घोटा 21 ऑक्टोबर 2024 ला बाल्टिमोरविरुद्ध निखळला, तेव्हा सात सामन्यांत त्याचे 50 झेल आणि 576 यार्ड झाले होते. 2025 च्या मार्चमध्ये त्याला तीन वर्षं, 6 कोटी 60 लाख मिळाले आणि त्यातले 4 कोटी 40 लाख गॅरंटीचे. त्याला ठेवून घेणं मला पटतं, कारण तो घोटा त्यांच्याच डॉक्टरांनी रोज पाहिला होता. पण तो घोटा अजून मैदानावर पारखला गेला नव्हता. अशा वेळी गॅरंटी दोन-तृतीयांश असायला नको होती आणि तिसऱ्या वर्षाची किंमत सामने खेळण्याच्या अटीला बांधायला हवी होती. पुढच्या हंगामाचे पहिले तीन सामने तो खेळू शकला नाही. करारानंतर दीड महिन्यानं ड्राफ्टमध्ये टॅम्पानं एकोणिसाव्या क्रमांकावर इमेका एग्बुका हा रिसीव्हरच निवडला, आणि हंगाम सुरू झाला तेव्हा गॉडविनच्या जागी उभं राहायला तो तयार होता.